पीठ झटकल्यावर

"पुसून टाक म्हणतो मी!"

नानासाहेब गिरणीच्या दारात उभा राहून ओरडला. आत ज्वारी दळत होती, पट्टा फटाफटा वाजत होता. भाग्यश्रीनं पिठाखालचा हात न काढता नुसत्या भुवया उंचावल्या. त्यानं छाती भरून श्वास घेतला, पुन्हा तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. पट्टा सैल पडत पडत थांबला.

"पुसून टाक ते सगळं! रविवारी पावणे येणारेत. पोरीचं लगीन मोडायचंय का तुला?"

हे मुरुमच्या त्या गल्लीत समोरच्या पानटपरीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. बाकावर डबे घेऊन बसलेल्या दोघी बायका एकदम पदर सावरायला लागल्या.

"ओरडू नको," भाग्यश्री म्हणाली. "लाईट गेलीय. हळू बोललास तरी ऐकू येतंय."

"अक्का, चेष्टा करू नको."

"मी कुठं करतेय? तूच गल्ली गोळा केलीस."

तो बायकांकडं एकदा, बहिणीच्या हातांकडं एकदा बघून निघून गेला. हातांवर कोपरापर्यंत पीठ होतं. त्या पिठाखाली काय आहे ते आता सगळ्या मुरुमला माहीत होतं, आणि तेच तर त्याचं दुखणं होतं.

भाग्यश्री नानासाहेबाची थोरली बहीण. लग्न करून येरमाळ्याकडं दिली होती. दोन वर्षांत तिच्या बोटांच्या पेरांवर पांढरे ठिपके उठले, मग ते मनगटापर्यंत पसरले. कोड. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कुणाला लागत नाही, यानं काही बिघडत नाही. सासरच्यांनी डॉक्टरांचं नीट ऐकून घेतलं, आणि दिवाळीला "चार दिवस माहेरी जाऊन ये" म्हणून तिला एसटीत बसवून दिलं. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. न्यायला कुणी आलं नाही.

तेव्हा नानासाहेबाचं लग्न व्हायचं होतं. कोड म्हटलं की सोयरिकीला आलेली माणसं चहा न पिता उठतात, हे आईला, हरणाबाईला, चांगलं ठाऊक होतं. मग हरणाबाईनं विचारणाऱ्याला सांगायचं ठरवलं, "पोरगी तोंडाळ निघाली. सासूशी पटलं न्हाय तिचं." घरात भांडखोर बहीण असली तर मुलाचं लग्न फार तर लांबतं. कोड असलं तर मोडतं. जी सासूसमोर मान वर करून बोलली नव्हती, ती भाग्यश्री अशी एका दुपारी गावातली सगळ्यात भांडकुदळ बाई झाली. हळदीकुंकवाला नव्या सुना तिच्यापासून जरा सरकून बसायच्या, आणि सासवा सुनांना दटावायच्या, "नीट ऱ्हा, न्हायतर भागूसारखी माघारी येशील."

वडिलांनी तिला गिरणीत बसवलं. तिथं सगळ्यांचेच हात पांढरे. लांब बाह्यांचा ब्लाऊज, वर पीठ. संध्याकाळी पीठ न धुता मागच्या बोळातून घरी यायचं, हा तिचा रोजचा रस्ता झाला. वडील गेले, नाना गिरणीचा मालक झाला, पण झिजलेल्या दगडाला टाकी लावण्यापासून चिमटीत पीठ चोळून जाड-बारीक ओळखण्यापर्यंत गिरणी चालवली ती भाग्यश्रीनंच. तिचं बोट पिठात गेल्याशिवाय डबा बंद होत नसे. लोकांनी बघू नयेत म्हणून जे हात लपवले, ते घरच्यांनी अशा ठिकाणी लपवले की गल्लीतल्या प्रत्येक भाकरीला लागावेत. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. भाग्यश्रीच्या आलं होतं, पण ती तेव्हा बोलत नव्हती.

भावजय गौरी लग्न होऊन आली, आणि महिन्याभरानं मोरीत धुणं धुताना तिनं नणंदेचे ओले हात बघितले.  स्वतःचा पाण्याचा तांब्या तेवढा वेगळा ठेवला. पुढं समृद्धी झाली. पोर पोटदुखीनं रडून काळी-निळी व्हायची आणि आत्याच्या खांद्याशिवाय गप्प व्हायची नाही. त्या धबडग्यात तांब्या कधी एक झाला, ते दोघींनाही सांगता येणार नाही.

ब्लॉगचं खूळ समृद्धीचंच. ती उमरग्याला बी.एस्सी. करत होती. लाईट गेली की गिरणी थांबायची आणि आत्याचं तोंड सुरू व्हायचं, कारण ऐकणारं माणूस तेवढं एकच होतं. "आत्या, मला एकटीला कशाला सांगतेस? लिही की," असं म्हणून तिनं आत्याच्या मोबाईलवर ब्लॉग काढून दिला. नाव काय द्यायचं, यावर आत्यानं हात झटकले, पीठ उडालं, आणि तीच म्हणाली, "पीठ झटकल्यावर." पहिल्यांदा खाली नाव नव्हतं. 'मुरुमची एक गिरणीवाली' एवढंच.

ती लिहायची ते असं: शेंगाचटणीला दाणे किती भाजावेत. सासरी पहिला ठिपका दिसला तेव्हा तिनं तो चुना समजून कसा घासला. नवऱ्यानं एसटीच्या खिडकीतून हातात केळी दिली ती कशी होती, आणि पुढं पंधरा-वीस वर्षं तिला केळ्याचा वास का सोसला नाही. लाईट येईपर्यंत जेवढं होईल तेवढं. लाईट आली की अर्ध्या वाक्यात पोस्ट संपायची, आणि वाचणाऱ्यांना तेही आवडायचं. लातूरहून, बिदरहून, पुण्याहून बायका उत्तरं द्यायच्या. एकीनं लिहिलं होतं, माझ्या लेकीला आहे, ती शाळेत हात खिशात घालून बसते, तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवते. ते भाग्यश्रीनं किती वेळा वाचलं असेल कोण जाणे.

एका बाईनं मात्र सुनावलं, "इतकं खासगी कशाला लिहिता? घरातलं घरात ठेवावं." भाग्यश्रीनं तिला तिथंच उत्तर दिलं:

"बाई, माझं घरातलं घरात राहिलंच कधी? ते नळावर होतं, लग्नाच्या पंगतीत होतं, एसटी स्टँडवर होतं. ज्यांना माझं नाव माहीत नाही त्यांनासुद्धा मी सासर का सोडलं ते माहीत आहे. फक्त ते खोटं आहे. मी घरातलं बाहेर काढत नाही. बाहेर पडलेलं दुरुस्त करते."

आणि मग आठवड्याभरापूर्वी तिनं हळदीची पोस्ट लिहिली.

गिरणीत मागच्या खोलीत हळद-मिरचीचं कांडप आहे. लग्नघरी पाच सवाष्णी जात्याला सुपारी बांधून, गाणं म्हणून मूठभर हळकुंडं दळतात. ती रीत. बाकीची हळद पिशवी भरून गुपचूप भाग्यश्रीच्या कांडपावर येते. जात्याला तिनं हात लावायचा नाही, कारण ती टाकलेली. कांडपावर लावला तर चालतो, कारण तिथं कुणी बघत नाही. तिनं लिहिलं, "गल्लीतल्या सगळ्या नवऱ्या माझ्या हातच्या हळदीनं न्हाल्या. कुणाचं काही पांढरं झालं नाही. झालं असेल तर येऊन दाखवा." खाली पहिल्यांदाच पूर्ण नाव टाकलं, आणि धुतलेल्या दोन्ही हातांचा फोटो.

दुसऱ्या दिवशी ती पोस्ट मुरुमच्या प्रत्येक मोबाईलवर होती. दोन दिवस डबे कमी झाले. बायका बसस्टँडजवळच्या गिरणीत जाऊन आल्या. तिथलं पीठ भरड निघतं, भाकरी थापता थापता फुटते, म्हणून परत आल्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाकावर बसल्या. एकीनं विचारलंही, "भागूअक्का, माझ्या लग्नाची हळद तुम्हीच दळली व्हती का वो?"

"व्हय की. तुझी जरा ओलसर व्हती, वाळवून मग दळली."

ती बाई नकळत स्वतःच्या दंडाकडं बघायला लागली, आणि मग सगळ्याच हसल्या. भाग्यश्रीचं त्या गावात इतक्या वर्षांत एवढ्या जणींशी मिळून हसणं पहिल्यांदाच झालं असेल.

पण नानासाहेबाला हसू येत नव्हतं. समृद्धीची सोयरीक परंड्याला जुळत आली होती. मुलगा प्रेम, कुर्डुवाडीला नोकरीला. मुलाचे वडील हिंमतराव, आई सारजाबाई. रविवारी ते कुंकू लावायला येणार होते. जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक, इथली गोष्ट तिथं जाणार नाही, या भरवशावर नाना होता. मोबाईलला टोक नसतं, हे त्याला बाजारात कुणीतरी ती पोस्ट दाखवली तेव्हा कळलं.

तो गिरणीत ओरडून गेला त्या संध्याकाळी घरात कुणी नीट जेवलं नाही.

"मी तुझ्यासाठी खोटं बोलले," हरणाबाई म्हणाली. "पोटच्या पोरीला भांडखोर म्हणताना मला काय बरं वाटलं?"

"माझ्यासाठी न्हाय, अव्वा. नानासाठी बोललीस. मी काय म्हणाले तेव्हा? गप्प बसले. त्याचं लगीन झालं, मी पीठ दळत बसले. आता परत गप्प बस म्हणताय."

"रविवारपुरतं," नाना म्हणाला. "रविवारी तू गिरणीत थांब. लोकांची दळणं हायेतच. मी सांगीन, बहीण कामात हाय."

"आणि ते," नानानंच पुढं मोबाईलकडं बोट केलं. "ते काढून टाक. एवढी वर्षं भांडली न्हाईस, आताच काय अंगात आलंय?"

भाग्यश्री भाकरीचा तुकडा खाली ठेवून हसली. "नाव तर भांडखोरच पाडलंय तुम्ही. एवढ्या वर्षांचं भांडण शिल्लक हाय माझं. कधीतरी वापरू दे."

 गौरी ताटं उचलून आत गेली.

समृद्धी मात्र नंतर गच्चीवर आली. आत्या वाळवणाचं कापड घडी घालत होती. पोरीनं दुसरं टोक धरलं.

"आत्या, प्रेमला माहितीय. मीच त्याला दिला होता ब्लॉग. तो वाचतो सगळं. त्याच्या घरी तेवढं माहीत नाही."

"बरं."

"तर... काढून नको टाकूस. नुसतं बंद करून ठेव. कुणाला दिसणार नाही, पण राहील सगळं. लग्न झालं की मीच परत चालू करून देते. थोडेच दिवस, आत्या."

नानाचं ओरडणं सोसलं होतं, आईचं रडणं सोसलं होतं. हे सोसायला जड गेलं. ही पोर तिच्या खांद्यावर वाढलेली. हिनं कधी काही मागितलं नव्हतं. बंद कर म्हटलं तर बोटाचं काम होतं. आणि पोरीचा संसार उभा राहिला तर ते बोट सार्थकी लागलं असंही कुणी म्हणालं असतं.

भाग्यश्रीनं कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"समू, मला एसटीत बसवलं तेव्हाबी सासूबाई हेच म्हणल्या. थोडेच दिवस. गिरणीत बसवलं तेव्हा आबा म्हणाले, नानाचं लगीन होईपर्यंत. तुझ्या लग्नानंतर तुझं डोहाळजेवण येईल. मग तुझ्या पोराचं बारसं. त्यातल्या कुठल्या दिवशी मी हात धुऊन बाहेर यायचं, ते सांग. त्या दिवसापर्यंत बंद करते."

 समृद्धीनं कापड आत्याच्या हातातून घेतलं आणि खाली गेली. चिडून गेली की रडून, ते भाग्यश्रीला अंधारात दिसलं नाही. तिनं ब्लॉग बंद केला नाही.

रविवारी गाडी आली. भाग्यश्री नाना म्हणाला तशी गिरणीत होती. पट्टा चालू होता. गिरणीच्या मागच्या भिंतीला घराची पडवी लागूनच आहे, पण यंत्राच्या आवाजात तिकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. कुंकू लावलं असेल. ओटी भरली असेल. समृद्धीनं कुठली साडी नेसली, तेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं एक दळण काढलं, दुसरं टाकलं. तिसरा डबा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तिनं बटण बंद केलं.

"लाईट गेली का वो?" बाकावरच्या बाईनं विचारलं.

"न्हाय. मी बंद केली."

नळाखाली तिनं हात धुतले. साबण लावून, नखांच्या कडांतून पीठ काढून, कोपरापर्यंत. बाह्या वर दुमडल्या त्या तशाच ठेवल्या. मागच्या बोळातून न जाता पुढच्या रस्त्यानं, पानटपरीसमोरून, ती घरी आली. गौरी चहाचा ट्रे घेऊन चुलीपाशी उभी होती. भाग्यश्रीनं हात पुढं केले. गौरी क्षणभर थांबली, आणि तिनं ट्रे दिला.

हिंमतराव नानाशी उसाबद्दल बोलत होते. कप समोर आला, त्यामागं हात आला, आणि ऊस अर्ध्यातच राहिला. सारजाबाईंनी कप घेतला, पण ओठाला लावला नाही.

"ह्या कोण?" हिंमतरावांनी विचारलं.

नाना उठून उभा राहिला. "ही... कामात असते..."

"मी मुलीची आत्या. भाग्यश्री. मागची गिरणी मी चालवते."

"ते हातावर..."

"कोड हाय."

हिंमतराव जरा मागं सरले. सारजाबाईंनीच विचारलं, "दुखतं का?"

"मला न्हाय दुखत. लोकांनाच दुखतं."

हिंमतरावांचा चेहरा ताठ झाला. "हे आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, नानासाहेब. सोयरिकीत लपवाछपवी बरी न्हवं."

"लपवलं कुठं?" भाग्यश्री म्हणाली. "दोन वर्षं झाली सांगतेय की. आता तर फोटोसकट. सगळ्या जगाला सांगितलं, परंडाच तेवढं मागं राहिलं."

मागून कुणीतरी खाकरलं. तो प्रेम होता. त्याचा कप रिकामा झाला होता. "मला माहीत होतं, आप्पा. मी वाचतो ते."

"काय वाचतोस?"

"ह्यांचा ब्लॉग." त्याचे कान लाल झाले होते. "ते शेंगाचटणीचं लई भारी लिहिलंय."

"तुला चटणीचं पडलंय!" हिंमतराव कडाडले. मग नानाकडं वळले. "पुढच्या पिढीत आलं म्हणजे? जबाबदारी कुणाची? फसवलंच की हे."

तेव्हा दारातून गौरी बोलली. ती पाहुण्यांसमोर आवाज काढणारी बाई नव्हे.

"मलाबी न्हाय सांगितलं होतं. लगीन झाल्यावर मोरीत बघितलं मी. लई राग आला होता. वर्षभर ह्यांच्या हातचं पाणी न्हाय पिले." तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. "माझ्या पोरीला ह्यांनीच वाढवलं. बघा, कुठं पांढरी हाय का. आणि असती तरी फेकून दिली नसती आमी. तुमी सोयरीक करा न्हायतर नका करू. पण फसवलं म्हणू नका. ह्या घरात आज पहिल्यांदाच कुणी न फसवता चहा दिलाय."

हरणाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. सारजाबाईंच्या कपातल्या चहावर साय धरली होती. नानासाहेबानं दोन दिवस बहिणीशी अबोला धरला, आणि ज्या घरात त्याच्याशी बायको आणि मुलगी दोघीही बोलत नव्हत्या, तिथं तो अबोला कुणाच्या लक्षातही आला नाही.

मग परंड्याहून फोन आला. नानानं आवाज मोठा करून फोन मधोमध ठेवला.

"पोरगं ऐकत न्हाय," हिंमतराव म्हणाले. "आमची ना नाही. तेवढी हळद आम्ही इकडूनच पाठवू. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागतेच, रीतच हाय. तुमच्याकडं दळायची तसदी नको. आणि ताईंचं ते लिखाण, लगीन होईस्तोवर जरा..."

"हां हां, एवढंच ना," नानाचा जीव भांड्यात पडला.

समृद्धीनं फोन उचलला. "मामा, हळद पाठवा तुम्ही. इथं आत्याही दळणार आहे. दोन्ही एकत्र कालवून लावीन मी. मग त्यातली कुठली कुणाची, ते निवडत बसा. आणि आत्या लिहिणार आहे. माझ्या लग्नाचंही लिहिणार आहे. प्रेमला विचारून ठेवा, त्याला चालतं."

पलीकडं फोन दुसऱ्या हातात गेला. मग सारजाबाईंचा आवाज आला, "कालवा म्हणावं. ठेवा आता फोन, बिल वाढतंय." बिल वाढण्याचे दिवस केव्हाच गेले होते.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात जात्यावर सवाष्णी बसल्या. समृद्धीनं आत्याचा हात धरून तिला मधे बसवलं. दोघी बायका उठून गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी येऊन बसल्या, आणि गाणं चालू राहिलं. बाकीची हळकुंडं नेहमीसारखी कांडपावर आली. दुपारभर मागच्या खोलीत पिवळा धुरळा उडत होता. भाग्यश्री बाहेर आली तेव्हा तिचे हात बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत एकसारखे पिवळे होते. ठिपका म्हणून कुठं दिसत नव्हता.

"आत्या, थांब. ब्लॉगला फोटो काढते," समृद्धीनं मोबाईल समोर धरला.

नानासाहेब दारात पोती मोजत होता. त्यानं बघितलं, आणि जरा आशेनं म्हणाला, "असाच काढ की. कसे सोन्यावानी दिसतायत. काय दिसत न्हाय."

"म्हणूनच थांब म्हणते," भाग्यश्री म्हणाली, आणि नळाकडं गेली. साबण लावून तिनं हात घासले. पाणी पिवळं झालं, मग फिकं झालं, मग नितळ. हळद निघाली, पण पांढऱ्या डागांवर ती जास्त चढली होती, तिथं पिवळी झाक राहिली. हात उन्हात धरून तिनं ते उलटे-सुलटे करून बघितले.

"हां," ती म्हणाली. "आता काढ."